सायलेन्सरचं तोंड डावीकडे

दिवाळी अंकाच्या संपादकांनी माझ्याकडे लेख मागितला तेव्हा मी त्यांना म्हणालो, मला लिहिता येतं ते एवढंच: 'ऑइल बदलले, फिल्टर साफ केला, मागचा ब्रेक बघणे.' ते म्हणाले, तसंच लिहा. तेव्हा वाचकांनी दोष त्यांना द्यावा.

शहापूर-मुरबाड रस्त्यावर, किन्हवलीच्या अलीकडे माझं गॅरेज होतं. गॅरेज म्हणजे एक पत्र्याची शेड, एक आंबा आणि आंब्याच्या जाड फांदीला टांगलेला चेनब्लॉक. कुणाचं इंजिन उतरवायचं तर ते त्या फांदीच्या भरवशावर. नव्वदच्या आसपास सुरू केलं आणि गुडघ्यांनी 'आता पुरे' म्हटलं तेव्हा बंद केलं. क्लच, गिअर, ब्रेक, सगळी कामं केली, पण नाव झालं ते सायलेन्सरमुळे. डोळखांबपासून मुरबाडपर्यंत लोक मला आवाजवाला मिस्त्री म्हणायचे. माझ्या बायकोला हे नाव फार पटायचं, पण तिची कारणं वेगळी होती.

आवाजाचं एवढं काय, असं शहरातल्या माणसाला वाटेल. डोळखांबच्या पुढे डोंगरात पाडे विखुरलेले आहेत. रस्ता खाली, पाडा वर. एसटी दिवसातून दोनदा, तीसुद्धा आली तर. बाकी सगळा भार जीप आणि पिकअप गाड्यांवर. त्यांना वेळापत्रक नाही. खालच्या वळणावर गाडीचा आवाज आला की बाया टोपल्या डोक्यावर घेऊन पायवाटेने उतरायला लागायच्या आणि गाडी पाड्याखाली येईपर्यंत रस्त्यावर हजर व्हायच्या. पण आवाज कुणाचा हे कळायला हवं. एक ड्रायव्हर कोंबड्या चढवू द्यायचा नाही, दुसरा थांबायचाच नाही, तिसरा म्हातार्‍यांना हात देऊन वर घ्यायचा. म्हणून पाड्यातली माणसं गाडी कानाने ओळखायची आणि प्रत्येक ड्रायव्हरला स्वतःचा आवाज हवा असायचा. तो मी द्यायचो.

काम तसं सोपं. इंजिनातून जळका धूर जोरात बाहेर पडतो. सायलेन्सरच्या डब्यात पडदे आणि जाळ्या असतात. धूर त्यांच्यावर आपटत, वळत, दमून बाहेर येतो, म्हणून आवाज मरतो. मी डबा कापायचो, आतले पडदे थोडे किंवा सगळे काढायचो आणि पुन्हा वेल्डिंग मारायचो. याला आम्ही पोट साफ करणं म्हणायचो. किती पडदे काढायचे आणि पुढची नळी किती लांब ठेवायची, यावर आवाज ठरतो. माझ्याकडे कसलं मीटर नव्हतं. मी दोनशे पावलं लांब जाऊन पाठ करून उभा राहायचो आणि ड्रायव्हरला रेस द्यायला सांगायचो.

याने गाडी जास्त ओढते का? खरं सांगतो, थोडी. बाकीची ती ड्रायव्हरच्या कानात ओढते. आवाज मोकळा झाला की त्याचा पाय मोकळा होतो, तो अ‍ॅक्सिलेटर जोरात दाबतो आणि चार लोकांत सांगतो, मिस्त्रीने गाडीचा वाघ केला. मी नाही म्हणायचो नाही.

हे सगळं कायद्यात बसत नव्हतं, तेही सांगून टाकतो. आरटीओच्या पासिंगच्या आदल्या दिवशी सगळे मूळचा सायलेन्सर लावून घ्यायला यायचे आणि पासिंग झालं की पुन्हा माझा लावायचे. ते मूळचे डबे ठेवायचे कुठे? मी प्रत्येकावर मालकाचं नाव पांढर्‍या रंगाने लिहून ते आंब्याला टांगायचो. एका वर्षी आंब्याला मोहोर कमी आणि सायलेन्सर जास्त होते.

गिर्‍हाइकं एकेक नग. वैशाखरे गावचा एक दगडू होता, माळशेज घाटातून भाजीची गाडी आणायचा. त्याची पिकअप चढाला दमायची म्हणून मी तिचं पोट पूर्ण साफ केलं. पंधरा दिवसांनी तो तोंड पाडून आला.

"ओढत नाय का रे?" मी विचारलं.

"ओढती हो. पन भाकरी थंड खातोय."

त्याची बायको गाडीचा आवाज ऐकून तव्यावर भाकरी टाकायची. पूर्वी आवाज गावाच्या वळणावर कळायचा, म्हणजे भाकरी फुगेपर्यंत हा दारात. आता आवाज तिला पार घाटाच्या पायथ्यापासून ऐकू यायला लागला. ती बिचारी तेव्हाच भाकरी टाकायची आणि हा टोमॅटो सांभाळत सावकाश यायचा. मी दोन पडदे परत बसवले. पुढच्या खेपेला त्याने मला भाकरी आणि ठेचा आणून दिला. या धंद्यात मला इतकं शास्त्रशुद्ध मोजमाप पुन्हा कधी जमलं नाही.

आता काळूरामकडे येतो. खरं तर त्याच्यासाठीच लिहायला बसलोय, पण अंगावर आलेलं काम माणूस आधी पुढे ढकलतो.

काळूराम डोळखांबच्या वरच्या पाड्यातला, ठाकूर आदिवासी. तो आणि त्याची बायको हौसा दर वर्षी दिवाळीनंतर भिवंडीकडे वीटभट्टीवर जायचे ते पावसाच्या तोंडाला परत यायचे. असं दहा-बारा वर्षं चाललं. मग काळूराम एका गाडीवर क्लीनर राहिला, गाडी शिकला, लायसन काढलं आणि दोघांनी मिळून एक वापरलेली पिकअप घेतली. दोन हजार दहाच्या आसपासची गोष्ट. गाडी घ्यायचा हेतू एकच होता, तो हौसाने पहिल्याच दिवशी आंब्याखाली बसून मला सांगितला.

"पावसात शिटा भरायच्या, दिवाळीपासून गवत ओढायचं. भट्टीवर परत जायचं नाय, मिस्त्री. तेवढी गाडी नीट ठेवा."

शिटा म्हणजे बसणारी माणसं. गवताचं मात्र सांगायला हवं. आमच्याकडे माळरानावरचं गवत कापून, वाळवून किन्हवलीच्या वखारीत येतं. तिथे दाबून त्याच्या गाठी बांधतात आणि ट्रकने मुंबईकडच्या तबेल्यांना पाठवतात. पाड्यावरून वखारीपर्यंत सुटं गवत आणायचं काम पिकअपचं. गवत वजनाला हलकं आणि आकाराला अवाढव्य. बाजूच्या फळ्या, म्हणजे फाळके, उघडून, दोर आवळून ते इतकं भरतात की दोन्ही बाजूंनी चाकापर्यंत लोंबतं. समोरून बघणार्‍याला गाडी दिसत नाही, गवताचा ढीग चालत आल्यासारखा वाटतो. भट्टीचा हंगाम तोच गवताचा हंगाम. म्हणून गवताचं काम असलं तर भट्टी नाही, आणि गवत गेलं की भट्टी, असा हौसाचा सरळ हिशोब होता.

काळूरामची गाडी नव्या जातीची होती. नव्या जातीची म्हणजे तिच्यात सेन्सर होते. इंजिन किती तापलं, हवा किती आली, हे सेन्सर वायरीतून एका डब्याला कळवतात आणि तो डबा ठरवतो डिझेल किती द्यायचं. जुन्या गाडीत हे सगळं पंपाच्या स्क्रूवर चालायचं, आणि तो स्क्रू माझ्या ताब्यात होता. या डब्याला तोंड नाही, कान नाही, स्क्रू नाही. गाडी चांगली होती, पण इतकी शांत की पाड्याखालून गेली तरी वर पत्ता लागायचा नाही. काळूराम खाली उभा राहून हाका मारायचा तोवर माणसं दुसर्‍याच्या गाडीत. चढालाही जरा आळशी होती.

"आमच्या पाड्याला कळंल असा आवाज द्या," काळूराम म्हणाला. "आन चढाला थोडा जोर."

श्रावण चालू होता. मी तीन कामं केली. एक, सायलेन्सरचं पोट पूर्ण साफ केलं. दोन, कल्याणच्या एका वायरमनने कानात सांगितलेली युक्ती केली. इंजिन किती तापलं हे सांगणार्‍या सेन्सरच्या वायरीत मुरबाडच्या रेडिओ दुकानातून आणलेला एक रेझिस्टन्स जोडला. शेंगदाण्याएवढी वस्तू. त्याने डब्याला वाटतं इंजिन अजून थंडच आहे, म्हणून तो डिझेल जरा सढळ हाताने सोडतो. जोर वाढतो, धूर काळा होतो. अर्ध्या हळकुंडाने पिवळं होणं म्हणतात ते हेच. कंपनीच्या इंजिनियरांना जमलं नाही ते मी शेंगदाण्याएवढ्या वस्तूत केलं, असं मी महिनाभर सांगत फिरलो.

तिसरं काम माझ्या स्वतःच्या डोक्यातलं. मूळची नळी गाडीच्या पार मागे जाते. पाड्यांच्या वाटेवर ओढा उतरताना ती दगडाला आपटून तुटायची, आणि मागे बसलेल्यांच्या नाकात धूर जायचा. मी नळी आखूड केली आणि तिचं तोंड मागच्या चाकाच्या पुढे डावीकडे काढलं. नळी तुटायची बंद, धूर बाजूला, आवाज दरीच्या दिशेला. ड्रायव्हर खूश, शिटा खूश. ही माझी खासियत झाली आणि काळूरामच्या आधी-नंतर धरून आठ गाड्यांना मी ती करून दिली.

काळूरामच्या गाडीचा आवाज उत्तम जमला होता. जाड, जरा घोगरा. हौसा सांगायची, गाडी धरणाच्या वळणाला आली की पाड्यातली कुत्रीसुद्धा उठून उभी राहतात. श्रावण-भादवा शिटा भरभरून गेल्या. मूळचा डबा 'काळूराम' असं नाव लिहून आंब्यावर गेला.

आता सुज्ञ वाचकाच्या लक्षात आलं असेल, पण माझ्या आलं नव्हतं. गाडी मी बघितली ती श्रावणात, शिटा भरलेली. त्याच गाडीवर दिवाळीनंतर गवत लोंबणार, आणि ते बरोबर माझ्या नळीच्या तोंडावर येणार, हे आठ गाड्या करताना माझ्या डोक्यात एकदाही आलं नाही. मी याच मातीतला, दर वर्षी गवताच्या गाड्यांना बाजू देत आलेला माणूस. बाकीच्या सात गाड्या जुन्या, त्यांना ती शेंगदाण्याची युक्ती नव्हती, म्हणून तोवर निभावलं होतं.

माघातली दुपार. शहापूरकडून आलेल्या एसटीचा कंडक्टर शेडपाशी उतरून म्हणाला, "तुमच्या काळूरामच्या गाडीनं पेट घेतला. चढावर."

पाण्याचा कॅन स्कूटरला बांधून मी गेलो. रस्त्याच्या कडेला गवताचा ढीग धडाडून जळत होता आणि गाडी त्याच्या पन्नास पावलं पुढे उभी होती. डावी बाजू काळी, फाळक्याच्या फळ्या जळालेल्या, एक टायर गेलेला. पण गाडी शाबूत होती. ती वाचवली हौसाने. ती गवताच्या ढिगावर बसली होती. वास आल्याबरोबर तिने टपावर बुक्क्या मारल्या आणि कमरेच्या विळ्याने दोर कापले. काळूरामने गाडी झटक्यात पुढे काढली आणि सगळं गवत मागे घसरलं. हौसा उजवीकडे उडी मारून सुटली, तिचा डावा तळवा मात्र भाजला. मी पोचलो तेव्हा काळूराम तिचा हात घागरीत धरून बसला होता.

तेवढ्यात वखारीचा शेठ मोटरसायकलवर आला. गवताच्या धंद्यात आगीची भीती सगळ्यात मोठी. वखारीच्या दारातच काडेपेट्या काढून घेतात. शेठने जळतं गवत बघितलं आणि माझ्याकडे वळला.

"मिस्त्री, तुमी जानकार. कशानं लागली?"

मी वाकून नळीचं तोंड बघितलं. ओठाला गवताची राख चिकटली होती. एका नजरेत सगळं कळलं. रेझिस्टन्समुळे डिझेल जास्त, म्हणून काजळी जास्त. चढावर ती काजळी लाल होऊन सुटणार. तिला आत अडवणारे पडदे मी काढून टाकलेले, आणि तिने बाहेर पडावं कुठे, तर वाळल्या गवतात. तिन्ही कामं माझी.

मी उठलो, हात पुसले आणि म्हणालो, "डिझेलची गाडी आहे शेठ. हिला प्लग नसतो, ठिणगी नसते. कुणाची तरी बिडी असेल."

पहिली दोन वाक्यं खरी होती. जाणकार माणूस खोटं बोलतो ते असं, आधी दोन खरी वाक्यं ठेवून.

"ह्यो बिडी नाय ओढत," हौसा म्हणाली. "आन वर मी एकटीच व्हते. मी बी नाय ओढत. तुमाला ठावं हाय, मिस्त्री."

मला ठाऊक होतं. इतक्या वेळा आंब्याखाली बसले, कधी काडी मागितली नाही. मी स्कूटरचा कॅन सोडायला लागलो.

"तुमा लोकांची बिडी सुटायची नाय," शेठ म्हणाला. "आजपासून वखारीत ही गाडी नको."

काळूरामने मान वर करून माझ्याकडे बघितलं.  लगेच पुन्हा त्याने हौसाचा हात पाण्यात धरला.

तिसर्‍या दिवशी तो गाडी घेऊन आला. म्हणाला, "मिस्त्री, झाडावरचा माझा डबा काढा. नळी मागं न्या. आन त्या वायरीतला दाना पन काढा."

म्हणजे त्याला सगळं कळलं होतं. मी कामाला लागलो. तो समोर दगडावर बसून होता. इकडचंतिकडचं बोलावं म्हणून मी हौसाच्या हाताचं विचारलं. "बरा हाय," एवढंच.

बाकीच्या सात गाड्यांचं काय? त्या अजून गवत वाहत होत्या. खाई त्याला खवखवे, मला झोप लागेना. पण चूक कबूल करून त्यांना बोलवायचं तर बिडीची गोष्ट उघडी पडणार. मग मी नवी आवई उठवली: तोंड डावीकडे ही फॅशन आता जुनी झाली, तोंड मागे आणि जरा खाली वाकवलं की घाटात ओढ वाढते, आणि ओळखीच्या गाड्यांना फुकट. आठ दिवसांत साती गाड्या दारात. मी पडदे बसवले, नळ्या मागे नेल्या, म्हणजे कंपनीने दिलं होतं तसंच पुन्हा करून दिलं. एकाने चक्कर मारून येऊन माझ्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाला, "मिस्त्री, आता खरी ओढती." मीही हसलो. साती गाड्या सुरक्षित झाल्या आणि माझं नाव आणखी वाढलं.

काळूरामचं नाव मात्र तसंच राहिलं. वखारीला त्याची गाडी चालेना. दुसर्‍या व्यापार्‍यांनीही ऐकलं होतं. पुढच्या दिवाळीनंतर पाड्यावरून भट्टीची माणसं निघाली, त्यांत हौसा होती. दोन हंगाम ती भट्टीवर गेली. काळूराम मिळेल तेवढ्या शिटा घेऊन शांत गाडी चालवत राहिला, आणि पाड्याखाली उभा राहून हाका मारत राहिला. तिसर्‍या वर्षी मुरबाडकडच्या एका नव्या व्यापार्‍याने त्याला गवताचं काम दिलं. त्याला बिडीची गोष्ट माहीत नव्हती. मधल्या काळात मी किमान दहा वेळा त्या वखारीवरून गेलो. एकदा आतही गेलो. शेठने चहा पाजला, ट्रकच्या क्लचचं विचारलं, मी क्लचचं सांगून परत आलो.

आवाजाचं काम मी त्यानंतर सोडलं. लोकांना सांगितलं की कानाने कमी ऐकू येतं. तेही आता खरं झालंय.

हा लेख लिहून झाल्यावर छापायला देण्याआधी मी वरच्या पाड्यावर गेलो. गाडी कधीच भंगारात गेलीय. काळूराम अंगणात नाचणी वाळवत होता. हौसाने चहा टाकला. मी चष्मा लावून सगळं वाचून दाखवलं, बिडीपर्यंत आणि त्यापुढचंही. मग जे बोलायला इतकी वर्षं लागली ते बोललो, की चुकलो, माफ कर.

काळूराम नाचणी हाताने सारखी करत राहिला. मी विचारलं, "तू त्या दिवशी शेठसमोर बोलला का नाहीस? तुला तर कळलं होतं."

"बोललो असतो तर गाडी कोनाकडं नेली असती?" तो म्हणाला. "शहापूर ते मुरबाड तुमीच एक मिस्त्री."

मी कागदांची घडी घातली. तोच पुढे म्हणाला, "लिवलंत ते बरं केलंत. पन शेठ तर मेला. आता वाचनार कोन?"

चहाचा कप माझ्यासमोर ठेवता ठेवता हौसा म्हणाली, "वाचतील कोनी ना कोनी. पन नुसतं काळूराम नका लिवू. खालच्या पाड्यात पन एक काळूराम हाय, तो ओढतो बिडी. आमचं नाव नीट लिवा."

कप घेताना मला तिचा डावा तळवा दिसला. हात बरा हाय, असं काळूराम म्हणाला होता. बोटं अजून पुरती उघडत नाहीत.

तेव्हा नीट लिहितो. डोळखांबच्या वरच्या पाड्यातला काळूराम बुधा आणि त्याची बायको हौसा, या दोघांनी जन्मात बिडी ओढली नाही. ती ठिणगी माझी होती.